गूगल मॅप्स फ्लटर प्लगइन: मार्करला स्वतःचं चित्र लावताना काय जमतं, काय अडतं

फ्लटरमध्ये (एकाच कोडमधून अँड्रॉइड, आयओएस आणि वेबचं ॲप बनवायचं साधन) नकाशा दाखवायचा म्हटलं की बहुतेक जण डोळे झाकून गूगल मॅप्स फ्लटर हे प्लगइन घेतात. फ्लटरच्याच टीमचं आहे, अँड्रॉइड, आयओएस आणि वेब तिन्हीकडे चालतं, एपीआय की टाकली की दहा मिनिटांत नकाशा समोर येतो. त्याबद्दल तक्रार नाही. इथे तपासायची आहे ती एकच बाजू: मार्करची, म्हणजे नकाशावर जागा दाखवणाऱ्या खुणेची, लाल पिन काढून तिथे आपलं चित्र बसवणं. आधी निकाल सांगून टाकतो. ठरलेले आठ-दहा आयकॉन आणि शे-दोनशे मार्कर एवढाच मामला असेल तर आता हे प्लगइन उत्तम आहे. ‘आता’ हा शब्द मुद्दाम, कारण आधी तसं नव्हतं. नेटवरून आलेले फोटो, एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषांच्या वर्णनाने साठवलेलं चित्र) किंवा नावाची पाटी असलेली पिन हवी असेल, तर मात्र स्वयंपाक तुम्हालाच करावा लागतो. प्लगइन फक्त ताट वाढतं.

(क्लास आणि मेथडची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन.)

आधी हे समजून घ्यायला हवं की या नकाशावरचा मार्कर म्हणजे फ्लटरचं विजेट, म्हणजे फ्लटर स्वतः रंगवतं तो स्क्रीनचा घटक, नव्हे. नकाशा काढतो तो खालचा नेटिव्ह एसडीके (गूगलचं त्या-त्या फोनसाठीचं नकाशाचं सॉफ्टवेअर), आणि त्याला फक्त तयार बिटमॅप, म्हणजे पिक्सेलचं चित्र, कळतो. इमेज.नेटवर्क, लोडिंगचं चक्र, चुकलं तर दुसरं चित्र, यातलं काहीही तिथे पोचत नाही. मार्करच्या आयकॉन या जागी बिटमॅपडिस्क्रिप्टर द्यायचा, आणि तो देण्याच्या क्षणी चित्र पूर्ण तयार असायला हवं. मार्करच्या चित्रांबाबत जे जे घोळ होतात, त्यातले निम्मे एवढं एक वाक्य विसरल्यामुळे होतात.

चित्र फुकटात हवं असेल तर डिफॉल्टमार्करविथह्यू आहे. ० ते ३६० मधला आकडा द्यायचा: १२० हिरवा, २१० आकाशी, २७० जांभळा. फक्त रंगछटा बदलते. गडद-फिकेपणा आपल्या हातात नाही, त्यामुळे मरून किंवा खाकी मागू नका. प्रोटोटाइपपुरतं ठीक.

आता खरा विषय, आकार. चित्राचे बाइट्स घेऊन बिटमॅपडिस्क्रिप्टर बनवणाऱ्या जुन्या फ्रॉमबाइट्स या मेथडने जेवढा वैताग दिला तेवढा दुसऱ्या कशाने दिला नसेल. १४४ पिक्सेल रुंदीचं पीएनजी दिलं की अँड्रॉइडवर ते १४४ भौतिक पिक्सेलमध्येच उमटायचं. पिक्सेल रेशो (एका लॉजिकल पिक्सेलमागे स्क्रीनचे किती भौतिक पिक्सेल) ३ असलेल्या फोनवर ते ४८ लॉजिकल पिक्सेल, म्हणजे नेमकं. २.७५ च्या फोनवर ५२, हेही चालून जातं. पण रेशो २ असलेल्या स्वस्त फोनवर तीच पिन ७२ ची होते आणि अर्धा तालुका झाकते. त्या मेथडमध्ये साइझ नावाचा पर्याय दिसायचा, म्हणून लोक तो भरून बघायचे आणि काहीच फरक पडला नाही की डोकं आपटायचे. तो पर्याय फक्त वेबसाठी होता.

ती मेथड आणि तिची बहीण फ्रॉमॲसेटइमेज, दोन्ही आता डिप्रिकेटेड, म्हणजे वापरू नका असं जाहीर केलेल्या, आहेत. त्यांच्या जागी आलेल्या बिटमॅपडिस्क्रिप्टर.ॲसेट आणि बिटमॅपडिस्क्रिप्टर.बाइट्स यांनी हा प्रश्न बऱ्यापैकी मिटवला आहे. विड्थ ४८ दिली की ती लॉजिकल पिक्सेलमधली रुंदी, सगळ्या फोनवर सारखीच दिसणार. विड्थ आणि हाइट यांपैकी एकच दिली तर दुसरी बाजू प्रमाणात बसते. काहीच न देता फक्त इमेजपिक्सेलरेशो ३ सांगितला, तर १४४ पिक्सेलचं चित्र ४८ धरलं जातं. विड्थ आणि रेशो दोन्ही एकदम देऊ नका. विड्थ दिली की रेशोकडे लक्षच दिलं जात नाही. आणि दोन्ही गाळूही नका. बिटमॅपस्केलिंगमध्ये ऑटो ठेवा. नन हा पर्याय आहे, पण त्याने चित्र मूळ पिक्सेलमध्ये उमटतं, म्हणजे पुन्हा जुनाच आजार.

जुन्या ट्यूटोरियलमधून कोड उचलणाऱ्यांनी एवढं जपावं: नेटवर सापडणारी बरीच उत्तरं अजून फ्रॉमबाइट्सचीच आहेत, आणि त्यांत रुंदीचे जे जादूचे आकडे असतात ते लिहिणाऱ्याच्या फोनपुरतेच खरे असतात.

ॲपमध्येच ठेवलेल्या चित्रांची वाट सगळ्यात सरळ. ॲसेट्समध्ये मार्कर्स असा फोल्डर, त्यात ४८ पिक्सेलचं मूळ चित्र, २.०एक्स या उपफोल्डरमध्ये त्याच नावाचं ९६ चं आणि ३.०एक्समध्ये १४४ चं. पबस्पेकमध्ये (प्रोजेक्टची सेटिंगची फाइल) मुख्य फोल्डर लिहिला की हे दोन उपफोल्डर आपोआप धरले जातात. इतर उपफोल्डर मात्र धरले जात नाहीत. मार्कर्सच्या आत ‘रात्र’ नावाचा फोल्डर केला तर त्याची वेगळी ओळ लिहावी लागते. पबस्पेकमधलं इंडेंटेशन एका स्पेसने चुकलं तरी चित्र सापडत नाही, हे जुनंच दुखणं. फाइलच्या नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरंही तपासा. मॅकची डिस्क सहसा हा भेद मानत नाही, अँड्रॉइड मानतं. त्यामुळे मॅकवरच्या सिम्युलेटरवर सगळं गोड चालतं आणि अँड्रॉइडवर पिन गायब.

बिटमॅपडिस्क्रिप्टर.ॲसेट हे फ्यूचर, म्हणजे नंतर मिळणाऱ्या उत्तराची पावती, परत देतं, आणि त्याला इमेजकॉन्फिगरेशन लागतं. ते क्रिएटलोकलइमेजकॉन्फिगरेशनला कॉन्टेक्स्ट देऊन मिळतं. हे थेट इनिटस्टेटमध्ये (विजेट तयार होताना एकदाच चालणारी मेथड) लिहिलं की फ्लटर लगेच लाल पडदा दाखवतं, कारण कॉन्फिगरेशन मीडियाक्वेरी वाचतं आणि इनिटस्टेटमध्ये तशी इन्हेरिटेड विजेटं मागता येत नाहीत. जागा डिडचेंजडिपेंडन्सीजची. ती मेथड पुन्हापुन्हा चालते, म्हणून ‘आधीच लोड झालंय का’ ही तपासणी तिथेच ठेवायची.

मग येते ती लाल चमक. नकाशा उघडतो, क्षणभर सगळ्या पिना लाल दिसतात आणि मग आपले आयकॉन येतात. प्लगइनचा दोष नाही. आयकॉन यायच्या आधीच मार्कर दिले, तर डिफॉल्ट पिन दिसणारच. सगळे आयकॉन फ्यूचर.वेटने एकत्र आणा आणि तोवर मार्करचा सेट रिकामा ठेवा. नकाशा तोपर्यंत उघडू द्या, टाइल्स यायला तसाही वेळ लागतो. आठ छोट्या पीएनजींना लागणारा वेळ वापरणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

कामगिरीच्या बाबतीत प्लगइन नेमकं कसं वागतं ते माहीत असलेलं बरं. ॲसेटच्या मार्गाने फक्त चित्राचं नाव नेटिव्ह बाजूला जातं आणि चित्र तिकडेच उघडलं जातं. बाइट्सच्या मार्गाने अख्खे बाइट्स पलीकडे पाठवले जातात. प्रत्येक बिल्डमध्ये प्लगइन जुना आणि नवा सेट ताडून बघतं आणि बदललेले मार्करच पुढे पाठवतं; ही रचना चांगली आहे. पण बिल्ड मेथडच्या (स्क्रीन नव्याने रंगवताना चालणाऱ्या) आतच नवा डिस्क्रिप्टर बनवला, तर चित्र तेच असूनही मार्कर बदललेला ठरतो आणि सगळे बाइट्स पुन्हा प्रवासाला निघतात. सेटस्टेट (स्क्रीन नव्याने रंगवायला सांगणारी मेथड) झाला की नकाशा अडखळतो, अशी बोंब असेल तर पहिला संशय इथे घ्या. प्रकारागणिक एक डिस्क्रिप्टर बनवून कोडमधल्या मॅपमध्ये (नकाशात नव्हे, नावानुसार वस्तू ठेवायच्या कोशात) ठेवा आणि तोच सगळ्या मार्करना द्या. मार्करआयडीसुद्धा स्थिर हवी. यादीतला क्रमांक आयडी म्हणून वापरला की फिल्टर लावल्यावर एका ठिकाणचं चित्र दुसऱ्यावर जाऊन बसतं.

नेटवरचे फोटो हा वेगळाच उद्योग. दुकानाचा लोगो, ड्रायव्हरचा चेहरा, असलं काही पिनवर हवं असेल तर पायऱ्या या क्रमाने: फाइल उतरवा, स्टेटस २०० आहे का बघा, इन्स्टंशिएटइमेजकोडेकला टार्गेटविड्थ देऊन लहान आकारातच डीकोड करा, गेटनेक्स्टफ्रेमने इमेज मिळवा, कॅन्व्हासवर गोल क्लिप लावून काढा, टूइमेज, मग टूबाइटडेटा, आणि शेवटी बिटमॅपडिस्क्रिप्टर.बाइट्स. यातली एकही पायरी प्लगइन करून देत नाही. ॲपमधलं चित्र देता येतं, बाइट्स देता येतात, पण यूआरएल द्यायची सोय नाही. ही या प्लगइनमधली सगळ्यात मोठी उणीव, आणि त्यामुळेच प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तीच साठ-सत्तर ओळींची हेल्पर फाइल सापडते.

टार्गेटविड्थ विसरलात तर काय होतं? ४०००×३००० चा, म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्याने काढलेला साधा १२ मेगापिक्सेल फोटो उघडला की मेमरीत ४ कोटी ८० लाख बाइट्स बसतात, पिक्सेलमागे ४ या हिशोबाने. तोच १४४×१४४ वर आणला की ८२,९४४ बाइट्स. असे २०० वेगवेगळे फोटो असले तरी १७ एमबीच्या आत काम भागतं. स्वस्त फोनवर ॲप टिकणार की पडणार, हे या एका पॅरामीटरवर ठरतं. काम झालं की इमेज आणि कोडेक दोन्ही डिस्पोज करायचे, म्हणजे मेमरीतून मोकळे करायचे.

टूबाइटडेटापाशी अनेकांचा पाय घसरतो. फॉरमॅट दिला नाही तर ती मेथड कच्चे आरजीबीए बाइट्स देते, पीएनजी नाही. ते तसेच पुढे सरकवले की अँड्रॉइडवर ‘अनेबल टू इंटरप्रेट बाइट्स ॲज अ व्हॅलिड इमेज’ असा एरर येतो. इमेजबाइटफॉरमॅट.पीएनजी लिहिलं की झालं. हाच एरर आणखी दोन कारणांनी येतो: एसव्हीजीचे बाइट्स थेट दिले तर, आणि सर्व्हरने फोटोऐवजी ४०४ चं एचटीएमएल पान पाठवलं आणि आपण ते तपासलं नाही तर. मेसेज तिन्ही वेळा एकच. नेमकं कुठे बिनसलं ते त्यावरून कळत नाही, म्हणून पुढे देण्याआधी पहिले काही बाइट्स छापून बघा. पीएनजीची सुरुवात १३७, ८०, ७८, ७१ या आकड्यांनी होते.

हे सगळं असिंक, म्हणजे मागे सावकाश पूर्ण होणारं, असल्यामुळे फोटो येईपर्यंत माणूस दुसऱ्या स्क्रीनवर गेलेला असू शकतो. सेटस्टेटच्या आधी विजेट माउंटेड, म्हणजे अजून जागेवर, आहे का ते बघा. कॅशमध्ये तयार डिस्क्रिप्टर ठेवण्यापेक्षा त्याचं फ्यूचरच ठेवा, म्हणजे एकाच लोगोचे वीस मार्कर असले तरी डाउनलोड एकदाच होईल. फ्यूचर फसलं तर मात्र ते कॅशमधून काढून टाका. नाहीतर एकदा रेंज गेली की तो लोगो ॲप बंद करेपर्यंत परत येणार नाही. आणि पाचशे ठिकाणांचे फोटो उघडतानाच मागवू नका. ऑनकॅमेराआयडलमध्ये गेटव्हिजिबलरीजन विचारून त्या चौकटीत येणाऱ्यांचेच मागवा, बाकीच्यांना तोवर साधा आयकॉन पुरेसा आहे.

एसव्हीजीसाठी फ्लटर एसव्हीजी पॅकेजमधून पिक्चर मिळवायचं, हव्या आकाराला स्केल करायचं आणि वरच्याच वाटेने पीएनजी करायचं. जमतं. पण आयकॉन ठरलेले असतील तर हा खटाटोप कशाला? डिझायनरकडून तीन आकारांची पीएनजी घ्या. वेबपीही चालतं, फक्त आयओएसवर ते १४ व्या आवृत्तीपासून पुढेच उघडतं.

आता पाटीवाली पिन. हा भाग मराठी ॲप करणाऱ्यांनी विशेष जपून वाचावा, कारण इंग्रजी ट्यूटोरियलमध्ये याचा पत्ताच नसतो. समजा किल्ल्यांचा नकाशा आहे आणि पिनखाली गडाचं नाव हवंय. टेक्स्टपेंटर (कॅन्व्हासवर मजकूर काढणारा क्लास) घ्यायचा, टेक्स्टडिरेक्शन द्यायची, लेआउट करायचं आणि कॅन्व्हासवर रंगवायचं. बरेच जण पाटीची उंची फॉन्टसाइझएवढीच धरतात आणि ओळ घट्ट बसावी म्हणून टेक्स्टस्टाइलमधली हाइट (फॉन्टसाइझच्या किती पट ओळीची उंची) १.० ठेवतात. ‘राजगड’ लिहून बघितलं तर काहीच बिघडलेलं दिसत नाही, कारण त्या शब्दात रेषेवर काही नाही आणि अक्षराखालीही काही नाही. मग ‘कर्नाळा’ येतो आणि रफार अर्धा कापला जातो. ‘तुंग’ तर दोन्हीकडून मार खातो: वर अनुस्वार, खाली उकार. टूइमेजला दिलेल्या चौकटीबाहेर जे रंगलं ते सरळ कापलं जातं, कुठलाही एरर येत नाही. म्हणून चाचणीचा शब्द ‘तुंग’ ठेवा. उंची टेक्स्टपेंटरलाच विचारा, हाइट १.४ च्या आसपास ठेवा आणि वर-खाली चार-चार लॉजिकल पिक्सेल मोकळे सोडा.

फॉन्टही स्वतःचा बांधून द्या. अँड्रॉइड आणि आयओएसचे देवनागरी फॉन्ट वेगवेगळे आहेत, त्यामुळे एकीकडे बसलेलं नाव दुसरीकडे पाटीबाहेर जातं. मुक्ता किंवा बालू यांसारखे खुल्या परवान्याचे फॉन्ट ॲसेटमध्ये ठेवता येतात. गूगल फॉन्ट्स पॅकेजने चालू ॲपमध्ये फॉन्ट उतरवत असाल, तर पेंडिंगफॉन्ट्सची वाट बघितल्याशिवाय रंगवू नका. साध्या टेक्स्ट विजेटमध्ये फॉन्ट उशिरा आला तरी मजकूर आपोआप बदलतो. बिटमॅप एकदा काढला की काढला.

रंगवायच्या आधी कॅन्व्हास डिव्हाइसपिक्सेलरेशोने स्केल करायचा आणि टूइमेजला रुंदी-उंची त्याच रेशोने गुणून द्यायची. हे राहिलं तर आकार बरोबर येतो पण अक्षरं धुरकट दिसतात.

पाटी जोडली की अँकर, म्हणजे चित्राचा जो बिंदू नकाशावरच्या जागेला टेकवायचा तो, बदलतो, आणि ही चूक भल्याभल्यांच्या ॲपमध्ये दिसते. अँकरची मूळ किंमत ०.५, १.०, म्हणजे चित्राच्या खालच्या कडेचा मध्य. ४८ ची पिन आणि तिच्याखाली २० ची पाटी मिळून चित्र ६८ उंचीचं झालं, तर जमिनीला टेकतं ते पाटीचं बूड. पिनचं टोक २० पिक्सेल वर, उत्तरेला दाखवतं. पुण्याच्या अक्षांशावर झूम १० ला एक पिक्सेल म्हणजे सुमारे १४५ मीटर, तेव्हा गड जवळजवळ २.९ किलोमीटर सरकला. झूम १६ ला हाच फरक ४५ मीटरवर येतो. ‘झूम केलं की पिन जागेवर येते, झूम आउट केलं की सरकते’ अशी तक्रार आली की अक्षांश-रेखांश तपासत बसू नका, अँकर बघा. इथे तो ०.५ आणि ४८ भागिले ६८, म्हणजे ०.७१ हवा. पीएनजीच्या तळाशी डिझायनरने सावलीसाठी पारदर्शक पट्टी सोडली असेल तरी हाच प्रकार होतो, फक्त थोड्या प्रमाणात.

विजेटवरूनच बिटमॅप काढायचा मार्गही आहे: रिपेंटबाउंड्री आणि तिची टूइमेज. डिझाइन किचकट असेल तर वेळ वाचतो. पण ते विजेट एकदा तरी प्रत्यक्ष रंगवलेलं असावं लागतं, आणि आतलं चित्र प्रीकॅशइमेजने आधी आणलेलं नसेल तर मधे रिकामी जागा असलेली पिन मिळते. शक्य तिथे कॅन्व्हासच बरा.

छोट्या गोष्टींत एक राहिली. हॉट रीलोडने (ॲप चालू असतानाच बदललेला कोड भरणं) आयकॉन बदलला नाही म्हणून घाबरू नका. एकदाच चालणारा लोडिंगचा कोड रीलोडवर पुन्हा चालत नाही. हॉट रीस्टार्ट करा, पबस्पेक बदललं असेल तर ॲप बंद करून नव्याने चालवा.

दुसरं काय घेता येईल? फ्लटर मॅप या दुसऱ्या पॅकेजमध्ये मार्कर म्हणजे खरंखुरं विजेट. इमेज.नेटवर्क, एसव्हीजी, देवनागरी पाटी, सगळं जसंच्या तसं चालतं. वरची अर्धी चर्चा तिथे लागूच होत नाही. बदल्यात टाइल्स कुठून आणायच्या ते तुम्ही बघायचं, आणि स्क्रीनवर एकाच वेळी भरमसाट विजेटं झाली की ते दमतं. फोटोंच्या पिना हाच ॲपचा जीव असेल आणि गूगलचाच नकाशा हवा असा हट्ट नसेल, तर आधी ते वापरून बघा. हजारो ठिकाणं असतील तर मॅपलिब्रे हे नकाशाचं आणखी एक पॅकेज: तिथे ॲडइमेजने चित्राला नाव देऊन ते स्टाइलमध्ये एकदा टाकायचं आणि सिंबॉल लेयर ते हवं तितक्या वेळा वापरतो. तिथलं दुखणं वेगळं. दिवसाची स्टाइल बदलून रात्रीची लावली की टाकलेली चित्रं जातात, आणि स्टाइल लोड झाल्यावर ती पुन्हा टाकावी लागतात.

गूगल मॅप्स फ्लटरवरच राहायचं ठरलं असेल आणि जुना कोड हाती असेल, तर सुरुवात फ्रॉमबाइट्स शोधून करा. प्रत्येक ठिकाणी बिटमॅपडिस्क्रिप्टर.बाइट्स आणि विड्थ टाका, जुने रुंदीचे आकडे काढून फेका, आणि मग रेशो २ चा एक आणि ३ चा एक असे दोन फोन शेजारी ठेवून तोच नकाशा उघडा.